लेकीच्या घरचं पाणी

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. म्हणजे कागदावर. आमच्या वेळी शाळेत घालताना मास्तर पोराला हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की नाव दाखल. तारीख एक जून, आणि साल मास्तरच्या मर्जीनं. माझं तसंच झालं. तिसरीपर्यंत शाळा, पुढं ढोरं आणि शेत. सत्तर वर्षं त्या तारखेशी माझं काही काम पडलं नाही. पडलं ते नांदेडच्या दवाखान्यात.

माझ्या पोराचं लिव्हर निकामी होत चाललं होतं आणि मी माझं द्यायला गेलो होतो. डॉक्टरांनी माझं आधार कार्ड बघितलं आणि माघारी सरकवलं.

"बाबा, तुमचं चालणार नाही. वय झालं."

मी म्हणलं, "सायेब, सोयाबीनचं पोतं आजूक एकटा उचलून टाकतोय मी. तंबाखू न्हाई, बिडी न्हाई. आन् ती तारीख मास्तरनं आंदाजानं टाकल्याली हाय. मी दोन-चार वर्सांनी ल्हानबी आसंल."

"पंचावन्नच्या आत आहात का?"

मी कार्ड खिशात घातलं. माझ्याच पोराला माझी वस्तू द्यायला मीच चालत नाही, हे घरी येईपर्यंत मला पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलंय असं नाही.

पोर माझा धाकटा. लेक थोरली, ती निलंग्याला दिलेली. आमचं गाव लातूरकडच्या मुरुडजवळ, आणि मुरुडच्या बाजारात पोराचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. अंगानं सडसडीत, बोलायला तिखट. कधी आजारी म्हणून पडला नाही. पहिल्यांदा त्याचे तळपाय खाजायला लागले, मग तळहात, मग सगळं अंग. आम्ही म्हणलं, उन्हाळ्याची गरमी. सून लिंबाच्या पाल्यानं आंघोळ घालायची. पण ती खाज वरची नव्हती. गोठ्याच्या मेढीला पाठ लावून तो बैलासारखा घासायचा. डोक्याचा कंगवा पायांना लावायचा, रक्त निघालं की थांबायचा. मग डोळे पिवळे झाले.

चाकूरकडं एकजण काविळीचं औषध देतो, तिथं नेलं. त्यानं हाताला चुना लावून परातीत हात धुवायला सांगितले. पाणी पिवळं निघालं. सगळ्यांनी बघितलं. पाणी पिवळं निघालं आणि डोळे पिवळेच राहिले.

लिव्हर म्हणलं की लोकांना बाटली दिसते. गावात पारावर एकानं मला तोंडावर विचारलं, "कवापासून घेत व्हता?" माझ्या पोरानं उभ्या जन्मात दारूला बोट लावलेलं नाही. मी म्हणलं, "तुह्या बापासंगं बसत व्हता. घरी जाऊन इच्यार." त्याचा बाप पिऊनच गेलेला, सगळ्या पाराला माहीत. तिथं मी जिंकलो. पण घरी येऊन बघतो तर पोर मेढीला पाठ घासून राहिलेला. असलं जिंकून काय करायचं.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि इंग्रजीत एक लांबलचक नाव सांगितलं. ते मला आजपर्यंत म्हणता येत नाही. परत येताना एसटीत पोरानं मला समजावून दिलं. पंचवीस गावच्या शेतकऱ्यांना नळ्या समजावून विकणारा तो, त्याला समजावणं येतं.

"आबा, आसं बगा. लिव्हर म्हंजे आपलं ईरीवरचं हेड, जितून ठिबकचं पानी सुटतंय ते. तितं पित्त तयार व्हतंय. ते नळ्यांतून खाली आतड्यात उतरतंय. मव्ह्या नळ्या आतून आळून राहिल्यात. आदी बारक्या, मंग मोठ्या. पित्त पुढं सरकंना. तितंच तुंबलं की हेडच कुजतंय."

"मंग आपुन ठिबकच्या तुंबल्याल्या नळ्यांत सोडताव तसं आसिड सोडा म्हनावं."

तो हसला. "मानसात न्हाई सोडता येत. तोंडातून दुर्बीण घालून एक नळी बसवत्यात. मोठी नळी तेवढी उगडती. बारक्या तशाच."

तसंच झालं. नांदेडला जायचं, दुर्बीण घालायची, नळी बसवायची. दोन-तीन महिने बरे जायचे. खाज कमी, भूक लागायची, दुकान उघडायचा. मग एक दिवस हुडहुडी भरून ताप यायचा की समजायचं, नळी पुन्हा तुंबली. पुन्हा नांदेड. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. गुडघ्याखाली पाय सुजले, पोटात पाणी झालं, आणि त्याचा दंड हातात धरला तर माझी बोटं एकमेकाला लागायची.

मी डॉक्टरांना विचारलं, "हे कामून झालं? काय खाल्ल्यानं झालं?"

ते म्हणाले, "कशानं होतं ते अजून नीट कोणालाच माहीत नाही. शरीर स्वतःच्याच नळ्यांवर उलटतं. तुमचं काही चुकलेलं नाही, त्याचंही नाही."

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला ते लई लागलं. काही चुकलं असतं तर मी ते दुरुस्त केलं असतं. न चुकलेलं कसं दुरुस्त करायचं?

मग त्यांनी सांगितलं की याला औषध नाही, लिव्हर बदलणं हाच इलाज. मेलेल्या माणसाचं मिळतं, पण त्याला यादी असते आणि कधी मिळेल सांगता येत नाही. नाहीतर घरातल्या कोणीतरी आपल्यातला भाग द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. घरातली आम्ही मोजली. मी वयानं बाद. माझी मालकीण, पोराची आई, शुगरनं बाद. सून तयार होती, तिचा रक्तगट जुळला नाही.

राहिली लेक.

इथं मला आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेक एकदा दिली की तिच्या घरचं बाप खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. दिलेलं माघारी घ्यायचं नसतं, त्यात लेकीच्या दारचं पाणीही आलं. पुष्कळ लोक नातू झाला की ही रीत सोडतात. आता तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लेकीकडं जेवायला बसणारे आहेत. माझ्या बापानं मरेपर्यंत पाळली. माझी बहीण उदगीरकडं दिलेली होती, उन्हातान्हात तिच्या घरी जाऊन तो कोरड्या तोंडानं परत यायचा. तेच बघून मी पाळली. वीस वर्षं निलंग्याला जातो, बाटलीत घरचं पाणी घेऊन जातो, बाटली संपायच्या आत परततो. कोणी हसलं तर हसू द्या. एवढा एकच ताठा मला परवडत होता.

लेकीचा फोन आला. तिनं लातूरला जाऊन आपलं आपण रक्त तपासून घेतलं होतं. गट जुळत होता.

मी म्हणलं, "न्हाई."

"आबा, आयका तर."

"लेकीकडून घ्यायचं नसतंय. पान्याचा थेंब घेतला न्हाई म्या तुह्या घरचा, आन् आता तुला फाडून घिऊ?"

मग ती म्हणाली, "तुमाला कोन देऊन राहिलंय? मव्ह्या भावाला देऊन राहिले. तुमी मदी पडू नका."

मी फोन ठेवला. मालकिणीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर आदळायची आणि आत जायची. पोर 'घ्या' म्हणाला नाही, 'नको' म्हणाला नाही. त्याला माझं आणि लेकीचं बोलणं सगळं ऐकू गेलं होतं. संध्याकाळी ओसरीवर त्याच्या शेजारी बसलो तर तो कंगवा घेऊन पायाला लावून होता. कंगव्याचे दोन दात पडलेले. मी म्हणलं, "आण हिकडं," आणि त्याच्या हातून घेऊन मी त्याची पाठ खाजवली. पाठीवर मांस नव्हतं, कंगवा बरगड्यांवरून खडखड जायचा. लहानपणी तो माझी पाठ तुडवायचा, मी पालथा पडायचो आणि तो भिंतीला धरून वर चालायचा. ते मनात आलं आणि माझा 'न्हाई' तिथंच ओसरीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी मीच लेकीला फोन केला. ती म्हणाली, "तुमचे जावाई तयार हायत. आत्याबाई म्हनत्यात, तुह्या बापाला येऊन मागू दे."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी विहीण. तरणेपणी नवरा गेला, एकटीनं पोर वाढवून एसटीच्या डेपोत मेकॅनिक केला. माहेर कर्नाटकातलं, भालकीकडचं. पाव्हण्याला अजून ती कानडीत 'बर्री', म्हणजे 'या', म्हणूनच आत घेते. तिला कोणाचं भ्या नाही.

उन्हाळ्याचे दिवस. मी मुरुडहून लातूर आणि लातूरहून निलंगा असा एसटीनं गेलो. पिशवीत पाडाचे आंबे आणि बाटली.

"बर्री, इवाई, बर्री," विहीण म्हणाली. ती खाली बसून सुपारी कातरत होती. "बाटली आनली का?"

"हाव."

"तेवढी इसरत न्हाईत तुमी. थोरला नातू धाव्वीला गेला, तुमचा उपास काय सुटंना. आमच्या पान्यात काय मुंग्या हायत का?"

"चालत आलंय ते चालवायचं, इहीणबाई."

"चालवा की. चालनाऱ्याला कोन धरलंय."

जावई उंबऱ्यापाशी मोबाईल बघत बसले होते, पण बोट हलत नव्हतं. आत लेकीच्या बांगड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मी तुरीचं बोललो. मग आंब्याला औंदा मोहर कमी होता, ते बोललो. विहिणीनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"तुरीसाठी निलंग्याला आलाव व्हय?"

"तुमाला म्हाईत हाय कशाला आलाव ते."

"मला म्हाईत हाय. तुमच्या तोंडानं सांगा."

मी लोकांचे तंटे मिटवलेत. दोन-दोनशे लोकांत उभा राहून बोललोय. तिथं बाजेवर बसलो आणि मला शब्द येईना. तहान लागली होती, बाटली पिशवीत होती, ती काढायची हिंमत होईना.

"पोराला लेकीचं लिव्हर लागतंय," मी म्हणलं.

"पुढं?"

"पुढं काय. तेच."

आमच्या भागात लिव्हरला काळीजच म्हणतात, मटणातलं असो का माणसातलं. विहीण म्हणाली, "इवाई, वीस वर्सं आमचं पानी चाललं न्हाई. आन् काळीज चालतंय?"

जावई म्हणाले, "आवं आय, कशाला आता..."

"तू गप. मी आन् इवाई बोलून राहिलोत."

उठून जावं असं एकदा वाटलं. आधीचा मी असतो तर गेलो असतो. पण उठून कुठं जाणार होतो? घरी ओसरीवर पोर बसलेला होता.

मग तिचाच आवाज उतरला. "मी टोमना मारून राहिले आसं समजू नका. मला भ्या वाटतंय. डाक्टर म्हनत्यात काळीज पुन्ना वाढतंय. वाढत आसंल. पर येकांद्याला काय व्हतंय ते डाक्टर हळू बोलत्यात, आन् मव्हा कान तितंच आसतोय. ही मव्ह्या घरची लक्षुमी हाय. दोन लेकरं हायत. हिला कायी झालं तर तुमी मला काय द्याल?"

एका हाताला पोर, एका हाताला लेक. पोरासाठी मागावं तर लेक टेबलावर जाते, लेकीसाठी सोडावं तर पोर जातो. मी म्हणलं, "कायी न्हाई देऊ शकत, इहीणबाई. मव्ह्याकडं कायी न्हाई. मव्हं सोताचं द्यायला गेल्तो, ते त्यायनी घेतलं न्हाई."

तेव्हा पहिल्यांदा तिनं अडकित्ता खाली ठेवला. उठली, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला, आणि माझ्यासमोर आणून धरला.

"आदी हे प्या. मंग मागा. मागनाऱ्यानं कोरडं बसून मागू न्हये."

दारात लेक येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. तांब्या घेतला आणि उभ्यानं वरून प्यालो. पाणी गार होतं, माठाच्या मातीचा वास होता त्याला. निम्मं गळ्यावरून सदऱ्यात गेलं. तांब्या खाली ठेवला आणि म्हणलं, "द्या."

"मी कोन देनारी. तिचं ती देतीया. मी आडवी येत न्हाई एवढंच." मग म्हणाली, "पर इवाई, लेक म्हनून नेऊ नका. मव्ही सून म्हनून न्या. आन् जशी नेली तशी आनून सोडा."

बापाचा नेम मी तिथं मोडला. त्याचं मला काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. एसटीत बसलो आणि सदऱ्याची ओली कड लातूरपर्यंत मुठीत धरली होती. पण मनात म्हणलं, मोडला तर मोडला, पोर तरी उभा राहील.

मग आम्ही हैदराबादला गेलो. पोर, सून, लेक, जावई आणि मी. पैशाचं कसं केलं ते इथं सांगत नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं असतं. तिथले डॉक्टर हिंदी बोलायचे, ती हिंदी आमच्या भागाला जुनी ओळखीची, मला सगळी कळत होती. लेकीला मशीनमध्ये घातलं, रक्त काढलं, पुन्हा मशीनमध्ये घातलं. माझ्या लेकीला इंजेक्शनची भीती लहानपणापासून. सुई दिसली की ती दवाखान्यातून पळायची आणि मी तिला उसातून शोधून आणायचो. तिथं ती दंड पुढं करून बसली होती, जशी काही बांगड्या भरायला बसलीय.

चौथ्या का पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावलं. कॉम्प्युटरवर लेकीच्या लिव्हरचं चित्र होतं. मधून एक रेघ.

मी लगेच ओळखलं. वाटणीची रेघ होती ती. उजवीकडचा मोठा भाग पोराला जाणार, डावीकडचा लेकीला राहणार, आणि राहिलेला भाग हळूहळू वाढून भरून येणार. पण डॉक्टर म्हणाले की माझ्या लेकीचा डावा भाग जन्मतःच बारीक आहे. एवढ्यावर तिचं भागणार नाही. उजवा काढला की ती टेबलावरच जाईल, नाहीतर आठवड्यात.

भावाभावांच्या वाटण्या मी कैक केल्यात. बांधावर उभं राहून एक काठी इकडं, एक काठी तिकडं सरकवली की दोघांचं समाधान होतं. मी बोट चित्राला लावलं आणि म्हणलं, "डाक्टरसाब, ये लकीर जरा इधर सरकाव. आधा-आधा करो."

डॉक्टर माझ्यावर हसले नाहीत. "चाचा, इधर सरकाया तो बेटे को पूरा नहीं पड़ता. जहाँ है वहीं रखा तो बेटी को नहीं पड़ता. दोनों जाएँगे. मैं नहीं करूँगा."

लेक उठून उभी राहिली. "मव्ही तयारी हाय. मी सही करून देते. मला काय व्हायचं ते व्हऊ द्या." ते तिनं मराठीतच म्हणलं, पण त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली.

"तुमी कोन न्हाई म्हननारे?" ती म्हणाली. जावयांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे ओळीनं बसलो. लेक तोंडाला पदर लावून रडत होती, आवाज नव्हता. पोर तिच्या शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांचा रंग आता हळदीसारखा झाला होता. तो म्हणाला, "ताई, मी आयला नेहमी सांगत व्हतो, थोरलीचं सगळं बारीक. स्वयंपाकात भाकरी बारीक, वाटनीत काळीज बारीक."

ती रडता रडता त्याच्या पाठीत गुच्ची मारायला गेली आणि हात मधेच थांबवला. त्याच्या पाठीत आता मारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. खोलीतून बाहेर येताना माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं होतं, लेक वाचली म्हणून. आणि त्याच वेळी तेवढंच ओझं चढलं होतं. एकाच बापाच्या छातीत ही दोन्ही कशी मावतात ते मला ठाऊक नाही.

मग यादीत नाव घातलं. कोणाचातरी अपघात व्हावा, मेंदू मरावा आणि काळीज चालू राहावं, त्याच्या घरच्यांनी रडत रडत हो म्हणावं, रक्तगट जुळावा, आणि आपला नंबर यावा. त्याची वाट बघायची. मी देवाला रोज हात जोडतो. पण आता हात जोडताना काय मागायचं तेच कळत नाही. पोराला काळीज मिळू दे म्हणावं तर ते कोणाच्यातरी लेकराचं असणार. मी नुसते हात जोडतो आणि काही न बोलता खाली घेतो. हे लिहून राहिलो तोवर तरी फोन आलेला नाही.

दवाखान्यातल्या बाईनं बजावून सांगितलं. फोन कधीही येईल, बंद ठेवायचा नाही, आला की पाच-सहा तासांत पोचायचं, नाहीतर काळीज पुढच्याला जाईल. हैदराबादला खोली घेऊन किती दिवस राहणार? मुरुड लांब पडत होतं. जावई म्हणाले, "मामा, निलंग्यावरून गाडी पाच तासांत येती. डेपोतल्या दोस्ताची जीप हाय, सांगून ठेवतो. आमच्याकडंच ऱ्हावा."

राहा म्हणजे एक दिवस नाही. फोन येईपर्यंत.

मी पोराकडं बघितलं. तो म्हणाला, "आबाला इच्यारा. त्यायची बाटली लई ल्हान हाय."

मी म्हणलं, "चला."

निलंग्याला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. जीप दारात थांबली तशी विहीण बाहेर आली. लेकीला तिनं उतरताना बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, जशी धाडली तशी परत आली होती. काय झालं ते तिला फोनवर कळलेलं होतं. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग पोराकडं वळली, आणि मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल. ती त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "बर्री, लेकरा," आणि आत घेऊन गेली. पुढच्या खोलीत त्याच्यासाठी तिनं आपली बाज टाकली होती, खिडकीपाशी, वारं लागेल अशी.

रात्री मी तिथं जेवलो. लेकीनं वाढलं. वरण आणि भाकरी. भाकरी बारीकच होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच गल्लीत ओरडा झाला, नळ आला. निलंग्यात उन्हाळ्यात आठवड्याला एकदा नळ येतो, कधी तेही नाही. आला की तास-दीड तास, त्यात भरेल तेवढं आपलं. लेक धडपडत उठली. मी म्हणलं, "तू नीज." सगळ्या तपासण्यांनी ती फिकी पडली होती. मी धोतर वर खोचलं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातला, भिजू नये म्हणून. पाइप नळाला लावला, वर तार आवळली, आणि आधी हौद घेतला. हौद भरून झाला की दोन बॅरल, मग घागरी, मग बादल्या, मग नातवांच्या शाळेच्या बाटल्या.

विहीण दारात येऊन उभी राहिली. "इवाई, पाव्हन्यानं पानी भरत न्हाईत. लोक मला नावं ठेवतील."

"ठिवू द्या," मी म्हणलं. "माठ कुटं हाय? तेवढा ऱ्हायलाय."

तिनं माठ आतून आणला. फडक्यानं आतून पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. मी पाण्याची धार बारीक करून तो काठापर्यंत भरला, उचलून तिच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि वर झाकणी घातली. तोवर नळाचा जोर कमी आला होता. शेवटची बादली पोराच्या आंघोळीची. ऊन पाण्यानं त्याची खाज वाढते, म्हणून ती तशीच गार ठेवली. खिसा चाचपून फोन बघितला, चालू होता. मग बादली उचलून मोरीत नेली आणि त्याला उठवायला गेलो.